नंबर नसलेला साबण

एकोणीसशे एक्याण्णव साल. त्या वर्षी दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर एक हिरवं पान उगवलं. साबणावर पान, रंगाच्या डब्यावर पान, झुरळ मारायच्या औषधावरही पान. त्या औषधाच्या बाटलीवर पानाशेजारी एक हसरं फूल होतं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हात लागला तर ताबडतोब डॉक्टरकडे जा.

मी तेव्हा ग्राहक संघाच्या कचेरीत पत्रं फोडायचं आणि त्यांची वर्गवारी करायचं काम करत होते. लोकांच्या तक्रारी येत. पूर्वी वजनात मारलं, बटण तुटलं, शिवण उसवली, असल्या असत. त्या वर्षी पानांबद्दल येऊ लागल्या. हे पान म्हणजे काय? हे कोण देतं? माझ्या पावडरवर पान आहे, तरी हात का सोलवटतात? संघाने ठरवलं की चौकातल्या मोठ्या दुकानात एक टेबल मांडायचं आणि लोकांना लेबलं समजावून सांगायची. दुकानाच्या मॅनेजरने जागा दिली ती सामान भरायच्या ढकलगाड्यांच्या रांगेला लागून, जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं आपटायचं. पण जागा फुकट होती.

टेबलाचे प्रमुख होते सर. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, त्यामुळे दुकानातल्या मुली त्यांना भिंगसर म्हणत. त्यांना मदतीला एक माणूस हवं होतं. संघाने तीन-चार शिकलेल्या मुली पाठवल्या, पण सरांनी मला घेतलं.

"मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं.

"ते मला कळतं. तुम्हाला लोकांशी भांडता येतं का?"

"घरी विचारा."

"मग झालं."

आयुष्यात इतकं हसले नाही मी जितकं त्या जिन्याखाली हसले. एक गृहस्थ झाडू घेऊन आले. झाडूच्या दांड्यावर पान. "हे पान कशाबद्दल आहे हो?" सरांनी भिंग लावलं, झाडू उलटासुलटा केला आणि म्हणाले, "कचरा कमी होतो म्हणून असेल." एक बाई रंगाचा डबा घेऊन आल्या. "हा झाडांपासून केलाय ना?" मी म्हटलं, "झाडाचं चित्र कागदावर आहे, बाई. डब्यात काय आहे ते मागच्या बाजूला लिहिलंय. वाचू का?" मी वाचलं. दुसऱ्या ओळीवरच त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला आणि निघून गेल्या.

सकाळी ग्राहक आणि दुपारी धंदेवाले, अशी वाटणी होती. दुपारी छोटे कारखानदार, बेकरीवाले, पिशव्या शिवणारे, मेणबत्त्या करणारे यायचे. आपल्या मालाला कोणतं लेबल मिळेल ते विचारायला. एकजण खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाला, "आम्हाला एखादं चांगलंसं लेबल सुचवा."

"तुम्ही मालात काय सुधारणा केलीत?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर लेबल हवंय."

सरांची शिकवण साधी होती. लेबलं दोन जातीची. एक, जे कंपनी स्वतःच्या मनाने छापते, ते पान. त्याला कुणी विचारत नाही, कुणी तपासत नाही. दुसरं, तपासणी संस्थेचा गोल शिक्का. संस्थेची माणसं कारखान्यात येतात, माल नेतात, सांडपाणी बाटलीत भरून नेतात, आणि मग शिक्का देतात. "पान बघू नका, गोल बघा," एवढं एक वाक्य आम्ही दिवसभर घोकायचो. मला झोपेतही तेच सुचायचं. आमचे हे म्हणायचे, "आता मलाही उलटा करून बघ, गोल आहे का पाठीवर."

आता माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्याभोवतीच फिरलं.

आमची दोन घरं एका अंगणात. मागच्या बाजूला मोठ्या भाऊजींनी काढलेला साबणाचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन मोठ्या कढया, साचे, आणि वड्या कापायची तारेची चौकट. भाऊजी गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं जाऊबाई शेड विकतील. त्यांनी पदर खोचला आणि कढईपाशी उभ्या राहिल्या. हाताखाली गल्लीतल्या डझनभर बायका. धुण्याच्या साबणाच्या छोट्या वड्या, तळहातात मावतील एवढ्या, कागदात गुंडाळलेल्या. आसपासच्या लहान दुकानांत खपायच्या. पण लहान दुकानं एकेक करून बंद पडत होती. गिऱ्हाईक मोठ्या दुकानात जात होतं, आणि मोठं दुकान अशा घरगुती मालाला दारात उभं करत नव्हतं.

एक दिवस दुपारी धंदेवाल्यांच्या रांगेत बघते तर जाऊबाई. इस्त्रीची साडी, हातात वड्यांची पिशवी. माझ्याकडे ढुंकून न बघता सरांना म्हणाल्या, "ही माझी धाकटी जाऊ आहे हे आधीच सांगते. नंतर कुणी म्हणायला नको."

सरांना ते फार आवडलं. त्यांनी वडी घेतली, हुंगली, पाण्यात बुडवली, आणि स्पष्ट सांगितलं. यात पांढरेपणासाठी जी पावडर घालता ती जायला हवी. फेस वाढवणारं रसायन जायला हवं. शेडमागच्या नाल्यात पाणी सरळ सोडता ते बंद करून गाळाच्या टाक्या बांधायला हव्यात. मग संस्थेला बोलवा. शिक्का मिळाला तर मॅनेजर नाही म्हणणार नाही. त्याला हल्ली गोल शिक्क्याचा माल हवाच असतो, फळीवर दाखवायला.

"आणि हे सगळं करून साबण कसा होईल?"

"पिवळट. फेस कमी."

"म्हणजे माझ्या हाताने माझा माल वाईट दिसेल असा करायचा."

"हो," सर म्हणाले. "पण तो चांगला असेल."

त्यांनी केलं. सबंध वर्ष त्यात गेलं. अंगणात टाक्यांची खोदाई, मातीचे ढीग, धुतलेल्या कपड्यांवर धूळ. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "तुझेच सर आहेत, त्यांना सांग." पहिल्या काही कढया फसल्या. वड्या कापताना भुगा व्हायचा. बायका हसायच्या, जाऊबाई नाही. त्यांनी जे होतं नव्हतं ते त्या टाक्यांत घातलं. मोठ्या दुकानात साबण चालला तर शेड चालणार, नाही तर कुलूप. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

शिक्का मिळाला तेव्हा जाऊबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "बघ गं," एवढंच म्हणाल्या आणि नवा कागद पुढे धरला. पिवळसर कागद, मधोमध गोल शिक्का. नाल्यातला पांढरा फेस तोवर बंद झाला होता. पाणी पाण्यासारखं वाहत होतं. त्यांनी त्या कागदाच्या भरपूर प्रती छापून घेतल्या होत्या, सगळा साठा एकदमच, कारण तसा छापला की स्वस्त पडतो. मॅनेजरने फळीवर जागा दिली ती ठरावीक मुदतीसाठी. मुदतीत खपला तर राहील, नाही तर काढून टाकीन, असं त्याने तोंडावर सांगितलं.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. संस्था शिक्क्याबरोबर एक नंबर द्यायची. मोठ्या पाकिटावर तो शिक्क्याखाली छापायचा. पण तळहाताएवढ्या वस्तूवर जागा नसते म्हणून संस्थेचाच नियम होता, लहान वस्तूवर नुसता शिक्का छापा, नंबर खोक्यावर. जाऊबाईंनी नियमाप्रमाणे केलं. वड्यांच्या कागदावर शिक्का, आणि वड्या ज्या खोक्यातून दुकानात जायच्या त्या खोक्यावर शिक्का आणि नंबर. खोकं दुकानाच्या मागच्या अंगणात फोडलं जायचं आणि सपाट करून रद्दीत जायचं. ते गिऱ्हाइकाने कधी बघायचा प्रश्नच नव्हता.

साबण फळीवर लागला त्याच सुमारास मोठी कंपनी जागी झाली. त्या कंपनीचा एक माणूस आठवड्याला दुकानात फेरी मारायचा. गुळगुळीत दाढी, टाय, तोंडात सदा वेलचीचा वास. आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. लोक गोल बघू लागलेत हे त्याने हेरलं आणि महिन्याभरात त्यांच्या साबणावरचं पान गोल झालं. म्हणजे पान होतंच, त्याच्याभोवती एक वर्तुळ आलं. लांबून बघितलं तर हुबेहूब संस्थेचा शिक्का.

सर संतापाने लाल झाले. टायवाला हसत म्हणाला, "सर, वर्तुळ काय कुणाच्या बापाचं आहे का? बांगडीही गोलच असते."

सरांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि एक कार्ड काढलं. पोस्टकार्डापेक्षा लहान, जाड, पांढरं. त्यावर मोठ्या अक्षरात तीन ओळी: गोल शिक्का पाहा. त्याखाली नंबर पाहा. नंबर नाही, तर विश्वास नाही. नंबर खोटा छापला तर कंपनीवर खटला होतो, वर्तुळ छापलं तर होत नाही. म्हणून नंबर. मॅनेजरने कौतुकाने प्रत्येक ढकलगाडीच्या दांड्याला एक कार्ड लावू दिलं.

कार्ड चाललं हो. कधी नव्हे ते लोकांना काहीतरी समजलं. म्हातारे, पोरं, घाईतल्या बायका, सगळे वस्तू उचलायचे, उलटी करायचे, नंबर शोधायचे. कंपनीचा साबण फळीवर पडून राहू लागला. सर जिन्याखालून ते बघायचे आणि एखाद्या वर्गातल्या सगळ्या मुलांना गणित सुटल्यासारखे खूश व्हायचे.

मी मात्र साबणाच्या फळीकडे बघत होते. एक बाई आली, जाऊबाईंची वडी उचलली, हुंगली. आवडली असावी. उलटी केली. कार्डाकडे बघितलं. परत वडीकडे. आणि वडी जागेवर ठेवली, जरा लांबच, जणू हात मळला. तिच्यामागून आणखी एक. तिनेही तेच.

मी सरांकडे गेले. "सर, कार्ड बदलायला हवं. जाऊबाईंच्या वडीवर नंबर नाही."

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी वडी मागवली, भिंग लावलं, जणू नंबर बारीक असेल. खाली बसले.

"लहान वस्तूंचा नियम," ते म्हणाले. "मी विसरलो."

"मग एक ओळ वाढवा. लहान वस्तूवर नंबर नसतो म्हणावं."

त्यांनी वडी परत टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"बाई, आज ही ओळ छापली तर उद्या टायवाला आपल्या वड्या लहान करील. एवढ्याशा. वर्तुळ छापेल आणि म्हणेल, लहान वस्तूवर नंबर नसतो, वाचा कार्ड. लोकांना एक गोष्ट समजायला दीड वर्ष लागलं. अपवाद सांगितला की ते मूळ गोष्टही सोडून देतील."

"आणि जाऊबाई?"

"त्यांनी कागद बदलावा. नंबर घालावा."

हे मी घरी जाऊन सांगितलं. जाऊबाई कढई ढवळत होत्या, त्यांनी ढवळणं थांबवलं नाही. कागद बदलायचा तर नवा कागद आधी संस्थेला दाखवावा लागतो, मंजुरीला महिने लागतात. त्यांनी त्याच दिवशी अर्ज पाठवला. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, या वेळी इस्त्रीची साडी नव्हती. हातांना साबण तसाच.

"सर, माझा साबण खरा आहे का खोटा?"

"खरा आहे."

"मग तुमचं कार्ड त्याला खोटा का म्हणतं?"

"कार्ड तुमच्या साबणाबद्दल काही म्हणत नाही. ते..."

"नंबर नाही तर विश्वास नाही. मला वाचता येतं. माझ्यावर विश्वास नाही म्हणून दुकानातल्या प्रत्येक गाडीवर लिहून ठेवलंय तुम्ही. आणि टाक्या कुणी बांधायला लावल्या? मी पांढरा साबण करून लहान दुकानांत सुखाने मेले असते."

"थोडी कळ काढा. मी संस्थेला लिहितो, मंजुरी लवकर द्या म्हणून."

"लिहा. तोवर मी बायकांना काय सांगू? की सर लिहितायत?"

सरांनी कोरा कागद पुढे ओढला. जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू. इथे बसून लोकांना दिवसभर काय खरं काय खोटं सांगतेस ना? सांग की."

यावर सांगायला हवं की टेबलाचा एक नियम होता, सरांनीच केलेला आणि योग्यच. आपल्या नातेवाइकाच्या मालाबद्दल कुणी विचारलं तर आपण बोलायचं नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं. मी तो पाळत होते. गिऱ्हाईक वडी घेऊन आलं की सरांकडे पाठवायची. सर सांगायचे की खरी आहे. पण विचारायला येणारे किती? बाकीचे कार्ड वाचायचे आणि वडी ठेवून द्यायचे. विचारायची गरजच पडू नये म्हणून तर कार्ड होतं.

मुदत संपत आली होती. एक दिवस सर जेवायला गेले असताना एक परिचारिका आली. पांढरा गणवेश, पायात कापडी बूट, ड्यूटी संपवून आलेली दिसत होती. तिने हात पुढे केले. बोटं भाजल्यासारखी लाल.

"सारखे हात धुऊन हे झालंय. घरी धुण्याला तरी सौम्य साबण हवाय. हा वास चांगला आहे, पण नंबर नाही. खोटा असेल ना?"

सर जेवून येईपर्यंत थांबा, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "खोटा नाही. चला, दाखवते."

तिला घेऊन मी दुकानाच्या मागच्या अंगणात गेले. तिथे सपाट केलेल्या खोक्यांची थप्पी. चार-पाच उपसल्यावर जाऊबाईंचं खोकं मिळालं. शिक्का आणि त्याखाली नंबर, ठळक. परिचारिकेने बोट ठेवून वाचला आणि म्हणाली, "मग हे आत का नाही ठेवत?"

मला पटलं. मी ते खोकं आत आणलं, पुन्हा घडी करून उभं केलं आणि टेबलावर ठेवलं, नंबर लोकांकडे करून. खाली चिठ्ठी लावली: लहान वड्यांचा नंबर इथे पाहा. आजही मला त्याची लाज वाटत नाही. खोक्यावर जे होतं ते खरं होतं.

सर आले. त्यांनी खोकं बघितलं, चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काढतील. ते खुर्चीत बसले आणि पुढचं गिऱ्हाईक बोलावलं. खोकं राहिलं. आठवडाभर राहिलं. वड्या हलू लागल्या. जाऊबाईंनी संध्याकाळी वाटीभर काहीतरी करून पाठवलं, बोलल्या नाहीत, पण वाटी पाठवली.

मग टायवाला आला. खोक्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला.

"बाई, हे तुमच्या जाऊबाईंचं ना?"

"हो."

"छान. कुटुंब म्हणजे असं हवं." आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी गावातल्या वर्तमानपत्रात आलं. लेबलांच्या टेबलावर घरच्यांचीच जाहिरात, असा मथळा. टेबलावरच्या बाई, त्यांची जाऊ, एकच अंगण, एकच नाला, सगळं खरं. नंबर खरा आहे हे मात्र कुठेच नाही. खाली प्रश्न: ज्यांना आपण विश्वासाबद्दल विचारतो त्यांच्यावर विश्वास कुणी ठेवावा? संघाने बैठक बोलावली. लांब टेबल, पाण्याचे पेले, सगळ्यांपुढे तो अंक.

अध्यक्षांनी सरांना विचारलं, "बाईंनी खोकं तुमच्या परवानगीने ठेवलं का?"

"नाही."

"तुम्ही काढायला सांगितलंत का?"

"नाही."

"का?"

सर म्हणाले, "कारण त्यावर जे लिहिलं होतं ते बरोबर होतं. आणि माझ्या कार्डावर जे होतं ते अपुरं होतं."

कुणीतरी हसलं. टेबल बंद करायचं ठरलं. मॅनेजरला त्या जागी ढकलगाड्या हव्याच होत्या. कार्डं त्याच संध्याकाळी निघाली, दांड्यांवर चिकटपट्टीचे डाग राहिले. जाऊबाईंचा साबण फळीवरून निघाला. मुदत संपायला थोडे दिवस होते, पण मॅनेजर म्हणाला, वर्तमानपत्रात आलेला माल मी ठेवत नाही.

बाहेर पायरीवर सर उभे होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही कार्डावर एक ओळ घातली असतीत तर..."

"आणि तुम्ही मी जेवून येईपर्यंत थांबला असतात तर," ते म्हणाले. रागाने नाही. "खोटं बोलला असतात तर मला तुम्हाला रागवता तरी आलं असतं."

पुढच्याच आठवड्यात टायवाला आमच्या अंगणात आला. जाऊबाईंच्या ओसरीवर बसला, वड्या हुंगल्या, टाक्या फिरून बघितल्या, तोंडभर स्तुती केली. मी कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकू येत होतं. तो गेल्यावर मी विचारलं, "वहिनी, काय म्हणत होता?"

"घेतो म्हणतो. शेड, नाव, सगळं. बायकांना कामावर ठेवतो म्हणतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी सही केली."

"अहो, ज्याने हे सगळं केलं त्यालाच?"

त्यांनी दोरीवरची चादर बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं. "त्याने काय केलं गं? त्याने कधी मला टाक्या बांध म्हटलं नाही. कधी माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून छापलं नाही. वर्तमानपत्रात त्याने माझा नंबर नाही आणला, तर तुमच्या संघाने तरी कुठे आणला? तुम्ही खरं बोलणारी माणसं. तुमच्या खऱ्याने माझी चूल विझली. तो खोटा आहे, पण वेळेवर पैसे देतो."

"मंजुरी येईल हो कागदाची. थोडं थांबला असतात..."

"थांबायला तू मला काही शिल्लक ठेवलंस?"

मंजुरी आली. सही झाल्यावर काही आठवड्यांनी, शिक्का आणि नंबर असलेला कागद मंजूर, सोबत संस्थेच्या शुभेच्छा. जाऊबाईंनी ते पत्र कढईखालच्या जाळात सारलं.

कंपनीने साबण तोच ठेवला, थोडे महिने. कागद बदलला. गोलातलं पान. त्याच पिवळट वड्या, त्याच बायकांनी केलेल्या, आणि दुकानात ढिगाने खपल्या. कार्ड आता नव्हतंच. मग पांढरेपणाची पावडर परत आली, फेस वाढला, टाक्या कुणी उपसेना तेव्हा बुजवून टाकल्या. नाल्यात पुन्हा फेस आला. कागदावरचं पान होतं तसंच राहिलं.

सर त्यानंतर बरीच वर्षं जगले. त्यांनी लेबलांवर एक पुस्तिका लिहिली, अपवादांसकट, आणि ती इतकी जाड झाली की कुणी छापली नाही. शेवटी डोळे गेले. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाले, "ती ओळ मी घालायला हवी होती की नव्हती, अजून ठरत नाही."

टायवाल्याला बढती मिळाली. पुढे तो पर्यावरण विभागाचा प्रमुख झाला, मोठमोठ्या सभांतून भाषणं द्यायचा. लोक सांगतात की फार चांगलं बोलायचा.

परिचारिका मला नंतर बाजारात भेटली. हातांना मोजे. तिने विचारलं तो साबण कुठे मिळेल, मी म्हटलं बंद झाला.

शेडमधल्या बायकांना कंपनीने तीन वर्षं ठेवलं. मग यंत्र आलं. दोघीतिघी मला अजून रस्त्यात दिसतात, मान हलवतात. ज्या मोठ्याने हसायच्या, त्या सगळ्या गेल्या.

आमचे हे दोन्ही घरांत ये-जा करत राहिले. शेवटपर्यंत निरोप नेण्याआणण्याचं काम त्यांच्याकडे. ते गेले तेव्हा जाऊबाई आल्या, माझ्याशेजारी बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

मी संघात परत गेले, पत्रं फोडायला. निवृत्तीपर्यंत तेच केलं. लेबलांच्या तक्रारी यायच्या, मी त्यांना एक छापील उत्तर पाठवायची.

जाऊबाई गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. मुलीकडे राहायच्या, दूर, तिथेच वारल्या. मला कुणी कळवलं नाही, दुधवाल्याकडून समजलं. मी गेले. त्यांच्या मुलीने चहा दिला, प्रवास कसा झाला विचारलं. काकू म्हणून ती मला ओळखत होती, पण ती सासरी गेल्यावर इथे काय झालं ते तिला काहीच माहीत नव्हतं. जाऊबाईंनी कधी काही सांगितलंच नव्हतं. चहा संपवून मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.